धाकटी जाऊ आणि माझे मुरमुरे

धाकटी आमच्या घरात सून म्हणून आली तेव्हा माझा मुरमुऱ्यांचा धंदा तीन वर्षांचा झाला होता. धंदा म्हणजे घरामागे मातीची एक भट्टी, लोखंडी कढई, ढीगभर रेती आणि आठवड्यातून एकदा मूल गावच्या बाजारात चिंचेखाली बसायला दोन हात जागा. पण ती जागा माझी होती. त्या बाजारात मला कोणी अमक्याची बायको किंवा तमक्याची सून म्हणत नसे. 'मुरमुरेवाली' म्हणत. नवऱ्याचं नाव न लागलेली माझी ती पहिलीच ओळख होती आणि मला तिचा भारी अभिमान होता.

आमचं घर मासेमारीचं. माझा नवरा आणि दीर गावच्या तलावात जाळं टाकायचे, पाणी कमी झालं की उमा नदीत उतरायचे. सासू मासे विकायची. उन्हाळ्यात तलावाचा तळ दिसू लागला की घरातला आवाजच बसायचा. मग दोघे भाऊ मजुरीला जायचे. माझ्या माहेरी आई मुरमुरे भाजायची, त्यामुळे ते काम मला येत होतं. लग्नानंतरच्या दुसऱ्या उन्हाळ्यात मी सासूला विचारलं, मी भट्टी लावू का? सासू म्हणाली, "लाव. पण मासोळीच्या टोपल्यात नको भरू, वास येईल." तिची परवानगी एवढीच होती.

काम सोपं नव्हतं. धान भिजवायचं, उकडायचं, वाळवायचं, कांडायचं. तांदळाला मिठाचं पाणी चोळून पुन्हा उन्हात घालायचं. मग कढईत रेती लाल होईस्तोवर तापवायची, मूठभर तांदूळ टाकायचा आणि बांबूच्या काड्यांच्या खराट्याने भराभर हलवायचं. दाणे टचटच फुलतात. लगेच चाळणीत ओतायचं, रेती खाली, मुरमुरे वर. उशीर झाला तर करपतात, घाई झाली तर दाताखाली दगडासारखे लागतात. माझ्या हाताला जळल्याच्या खुणा होत्या आणि त्या मी बाजारात लपवत नसे.

धाकटी चामोर्शीकडची, वैनगंगेच्या काठच्या गावातली. घरात येऊन चार दिवस झाले असतील. मी भट्टीपाशी बसले होते. ती आली, उकिडवी बसली, थंड पडलेली रेती मुठीत घेऊन बोटांतून सोडली आणि म्हणाली, "बाई, रेती जाडी आहे जी. बारीक पायजे. दाणा सगळीकडून शेकला पायजे ना."

मी म्हटलं, "तीन वर्षांपासून याच रेतीत भाजून राह्यली मी."

"हो जी," ती म्हणाली आणि हसली. तिला राग आला नव्हता. मला आला होता. तो राग आहे असं तेव्हा मला वाटलं. आता इतक्या वर्षांनी त्याला त्याच्या खऱ्या नावाने हाक मारते: तो हेवा होता.

दोन दिवसांनी ती नदीवर गेली आणि टोपलीभर बारीक, पांढरी रेती घेऊन आली. सासूसमोर तिने एक घाणा भाजला. तिचं बघणं कढईकडे नव्हतंच. ती ऐकत होती. दाणे फुटण्याचा आवाज जरा दाट झाला की कढई उचलायची. तिचे मुरमुरे माझ्यापेक्षा मोठे फुलले, पांढरे झाले, आणि चाळल्यावर त्यांत रेतीचा एक कण राहिला नाही. सासूने चार दाणे तोंडात टाकले आणि म्हणाली, "हिचा हात चांगला आहे." तीन वर्षांत माझ्या हाताबद्दल सासू एक शब्द बोलली नव्हती.

सासूनेच ठरवलं की आता दोघींनी बाजारात बसायचं. घरचे तांदूळ अर्धे अर्धे, भट्टी एक, विक्री आपापली. मला वाटलं होतं, ती माझ्या मागे बसेल, पोती उचलू लागेल. ती माझ्या शेजारीच बसली.

पहिल्या बाजाराला माझी गिऱ्हाइकं माझ्याकडेच आली. दुसऱ्याला थोडी तिच्याकडे थांबली. पावसाळा सरेपर्यंत अशी वेळ आली की मी रिकामे हात मांडीवर ठेवून तिच्यापुढची माणसं बघत बसायची. ती काय करते ते मी फार बारकाईने पाहत असे. शिकायला नव्हे, तिची चूक सापडावी म्हणून.

आईच्या कडेवरच्या लेकराच्या हातात ती आधी मूठभर मुरमुरे द्यायची, मग आईशी बोलायची. मी लेकरांनी ढिगाला हात लावला की ओरडायची. ती माप भरून वर आणखी चिमूटभर टाकायची, तेही गिऱ्हाइकाला दिसेल असं. मी मापावरून हात फिरवून सपाट करायची. कोणाकडे पाहुणे आले, कोणाची सून बाळंत झाली, कोणाला दात नाहीत म्हणून मुरमुरे भिजवून खावे लागतात, हे सगळं तिच्या ध्यानात राहायचं. "तुमच्या आईची तब्येत कशी आहे जी?" असं ती विचारायची आणि उत्तर ऐकून घ्यायची. मला ते सगळं नाटक वाटायचं. घरी येताना रस्त्यावर मी तिला म्हणायची, "एवढं गोड बोलाले जमते कसं तुले?" ती म्हणायची, "मले बोलाले आवडते बाई. घरी कोण बोलते?" मला त्याचाही राग यायचा. घरी तिच्याशी न बोलणारी मीच होते.

खरं सांगायचं तर तिचं सगळंच मला खुपायला लागलं होतं. तिचं हसणं, दातांची ठेवण, दिराने तिला मूलहून आणलेल्या काचेच्या हिरव्या बांगड्या. तिच्या ढिगाशी गाय आली की मी मुद्दाम उशिरा हाकलायची. एकदा थंडीच्या दिवसांत, बाजाराच्या आदल्या संध्याकाळी, मी तिच्या टोपल्यावरचं फडकं काढून बाजूला ठेवलं आणि टोपलं ओट्यावर तसंच राहू दिलं. सकाळी तिचे मुरमुरे दवाने नरम पडले होते. फडकं वाऱ्याने उडालं असेल असं सासू म्हणाली. मी मान हलवली.

बाजारात मी वाट बघत होते की आज ही काय करते. पहिली बाई आली तशी धाकटी म्हणाली, "आज नका घेऊ बाई. दव लागलं, नरम पडले. मोठ्या बाईकडचे चांगले आहेत, तिकडून घ्या." आलेल्या प्रत्येकीला तिने हेच सांगितलं. त्या दिवशी माझं टोपलं दुपारच्या आत रिकामं झालं, पण प्रत्येक गिऱ्हाईक माझ्याकडे तिच्या शब्दावर आलं होतं. नंतर तिने आपले नरम मुरमुरे डोक्यावर घेतले आणि तांदळाच्या गिरणीजवळच्या हॉटेलवाल्याकडे गेली. त्याला म्हणाली, भाजून चिवडा करा, स्वस्त देते. त्याने घेतले. पुढच्या आठवड्यापासून तो तिचं कायमचं गिऱ्हाईक झाला, आणि तेही ताज्या मालाचं. मी फडकं काढलं नसतं तर ती त्या हॉटेलच्या पायरीला कधी गेलीच नसती.

त्यानंतर संक्रांत आली. मूलमध्ये एका गिरणीमालकाचं मोठं घर होतं. त्याची बायको दर संक्रांतीला लाडवांसाठी पोतंभर मुरमुरे घ्यायची, आणि ते तीन वर्षं माझ्याकडून घ्यायची. त्या बाजाराला ती गड्याला घेऊन आली. मी लांबूनच पाहिलं आणि पदर सावरला, वरचे मुरमुरे हाताने सारखे केले. ती माझ्यापुढून गेली आणि धाकटीपुढे थांबली.

धाकटी म्हणाली, "अर्धे मोठ्या बाईकडून घ्या जी. एकाच घरचे आहेत."

ती बाई आवाज न चोरता म्हणाली, "नको, तुझेच दे. तिच्या मुरमुऱ्यांत रेती येते दाताखाली."

आजूबाजूच्या चार जणींनी ऐकलं. धाकटीने खाली मान घातली आणि पोतं भरायला लागली. तिने माझ्याकडे पाहिलं असतं तर कदाचित मला बरं वाटलं असतं. तिने पाहिलं नाही, माझी लाज राखायला. मला तेही सहन झालं नाही.

माझ्या दुसऱ्या बाजूला वांगी-मिरच्या विकणारी एक भाजीवाली बसायची. तिच्या कानात गेलेली गोष्ट बाजार उठायच्या आत चार गावांना जायची, हे मला माहीत होतं. मी तिच्याकडे सरकले आणि म्हणाले, "रेतीचं म्हणते गिरणीवाली बाई. पण ही रेती आणते कुठून, ते विचारलं का कोणी?"

"कुठून?" ती म्हणाली.

मी नुसतं नदीच्या खालच्या अंगाला पाहिलं. तिकडे गावाची मसणवट होती. धाकटी रेती आणायची ती त्याच बाजूच्या वळणावरून, हे खरं होतं. पण मसणवटीच्या कितीतरी अलीकडून, हेही मला माहीत होतं. मी एक शब्द खोटा बोलले नाही, असं मी पुढे कित्येक वर्षं स्वतःला सांगत आले.

पुढच्या बाजाराला धाकटीकडे गर्दी कमी होती. मी मनात खूश झाले. त्याच्या पुढच्या बाजाराला तिच्याकडे कोणीच आलं नाही. आणि माझ्याकडेही नाही. एक ओळखीची बाई समोरून तोंड फिरवून निघाली तशी मी तिला हाक मारली. ती म्हणाली, "नको बाई. मढं जाळलेल्या रेतीत भाजता म्हणते तुमी."

"मी नाई. मी तिथली रेती नाई आणत."

"तुमच्याच घरचे ना दोघींचे? भट्टी तर एकच आहे."

भट्टी एकच होती. धाकटी आल्यापासून रेतीही एकच होती. तिच्या बारीक रेतीचा फायदा मला दिसला होता आणि मी गुपचूप तीच वापरायला लागले होते. माझ्या मुरमुऱ्यांत येणाऱ्या कणांचं कारण रेती नव्हतीच, माझं घाईचं चाळणं होतं. माझ्या तोंडातून निघालेली गोष्ट माझ्याच टोपल्यावर येऊन बसली होती.

दोन भरली टोपली डोक्यावर घेऊन आम्ही परत आलो. आठ दिवस घरात सगळ्यांनी मुरमुरे खाल्ले, सकाळी आणि संध्याकाळी. दीर चिडला होता, ज्याने ही कंडी पिकवली त्याला मी सोडत नाही म्हणत होता. सासूने भट्टीकडे बोट दाखवून सांगितलं, "बंद करा. मासोळी बरी." माझा नवरा माझ्याकडे एकदा पाहून जाळं शिवायला बसला. त्याला संशय आला होता की काय, मला आजही ठाऊक नाही.

धाकटी रडली नाही. तिसऱ्या दिवशी माझ्याजवळ येऊन बसली.

"बाई, कोण म्हणलं असंल हो असं?"

"लोकाइचं काय, बोलतेत," मी म्हटलं.

ती म्हणाली, "लोकाइले दिसत नाई, म्हणून बोलतेत. आपण घरामागं भाजतो, त्याइले काय मालूम. त्याइच्या समोरच भाजलं तर?"

दुसऱ्या दिवशी भर दुपारी ती मला घेऊन मूलच्या घाटावर गेली. गावच्या बाया तिथे धुणं धुवायच्या, पाणी भरायच्या. तिने टोपलं काठावर ठेवलं आणि बायांना म्हणाली, "बाई हो, तुमच्याच हातानं टाका रेती. जिथली पायजे तिथली टाका." बाया आधी हसल्या, मग एकमेकींकडे पाहू लागल्या. एका म्हातारीने पाण्यात वाकून ओंजळभर रेती काढली आणि टोपल्यात टाकली. मग दुसरीने. ज्यांनी आमचे मुरमुरे नको म्हटले होते त्यांतल्याही दोघी होत्या. बघता बघता टोपलं भरलं. धाकटीने त्यांच्यासमोरच ती रेती सात पाण्यांनी धुतली. मी बाजूला उभी राहून बघत होते आणि माझ्या मनात एकच विचार होता, हे मला का नाही सुचलं?

बाजाराच्या दिवशी आम्ही कढई, सरपण आणि ती रेती घेऊन गेलो. चिंचेखाली तीन दगडांची चूल मांडली. धाकटी मला म्हणाली, "बाई, आग तुमी सांभाळा. आगीचं तुमच्याएवढं मले येत नाई." हे खरं होतं. कोणतं लाकूड कधी सारायचं, धग कधी मारायची, हे मला चांगलं कळायचं. पण माझ्या अंगातलं चांगलं तिने चारचौघांत बोलून दाखवावं, आणि तेही अशा दिवशी, हे मला चुलीच्या धगीपेक्षा जास्त भाजलं.

पहिला घाणा निघाला तेव्हा भोवती माणसांचं रिंगण झालं होतं. गरम मुरमुऱ्यांचा वास बाजारभर गेला. तिने तो सगळा घाणा मुठी मुठीने वाटून टाकला. घाटावरची म्हातारी आलेली होती. ती सगळ्यांना सांगत होती, "माह्या हातची रेती आहे त्याच्यात." दुसऱ्या घाण्याला माणसं पदर पसरून उभी राहिली. थंड मुरमुरे सगळे विकत, गरम कोणी विकत नव्हतं. दोन आठवड्यांत आमचा माल पूर्वीपेक्षा जास्त खपायला लागला. गिरणीमालकाची बायको स्वतः येऊन उभी राहिली आणि घाणा निघेपर्यंत थांबली.

हे सगळं तिथेच राहिलं असतं. पण गर्दी वाढली तशी भाजीवालीच्या वांग्यांवर लोकांचे पाय पडायला लागले. एका बाजाराला ती भडकली. धाकटी म्हणाली, "थोडं सरका ना मावशी, मी लोकाइले इकडून उभं करते." भाजीवाली ओरडली, "मी काऊन सरकू? मोठी आली! मसणातल्या रेतीचं तुह्याच जावेनं सांगतलं मले, तेव्हा नाई आठवली मावशी?"

माझ्या हातात लाकूड होतं, ते तसंच राहिलं. धाकटीच्या कढईत घाणा होता. तिने हात थांबवला नाही. दाणे फुटत होते, ती ऐकत होती. कढई उतरवली, चाळणीत ओतली, नीट चाळली, समोरच्या माणसाचं माप भरलं, वर चिमूट टाकली. मग म्हणाली, "बाई, आग कमी झाली." मी लाकूड सारलं. उरलेला दिवस आम्ही तसंच काम केलं. तिच्या तोंडावर मला काही वाचता येत नव्हतं.

परत येताना ती पुढे चालत होती. गाव दिसायला लागलं तसं तिने टोपलं खाली ठेवलं आणि वळली.

"काऊन बाई?"

मी म्हटलं, "लोकं तुह्याकडे जातेत म्हणून."

"मी तर त्याइले तुमच्याकडे पाठवत होती."

"म्हणूनच," मी म्हटलं.

तिला ते कळलं असेल का, सांगता येत नाही. तिचे डोळे भरून आले, त्या सगळ्या प्रकरणात पहिल्यांदाच. ती म्हणाली, "फडकं बी तुमीच काढलं होतं?" मी मान डोलावली. तिने पदराने तोंड पुसलं आणि टोपलं उचललं. "मंग आता एका भट्टीवर नाई जमणार आपलं. बाजार तुमचा. तुमी आधीपासून बसत होत्या. मी टेशनावर बसते."

मी तिची क्षमा मागितली नाही. तिनेही केली असं कधी म्हटलं नाही. घरात तिने सासूला किंवा दिराला एक अक्षर सांगितलं नाही, पण वर्षभर ती माझ्याशी बोलली नाही. एकाच चुलीवर जेवण व्हायचं आणि मीठ पाहिजे असलं तरी ती सासूला सांगायची. मला वाटायचं, हिने एकदा भांडावं, शिव्या द्याव्यात. ते सुख तिने मला दिलं नाही.

ती गेल्यावर बाजारात मी एकटी उरले. पहिले काही आठवडे मला भारी मोकळं वाटलं. मग लोक विचारायला लागले, धाकटी कुठे गेली? गरम मुरमुरे कुठे भेटतील? मी चूल मांडायला लागले. आग माझ्या हातातली होती, आवाज ऐकणं मला येत नव्हतं. मी डोळे मिटून कढईजवळ कान नेऊन बसायची. किती घाणे करपले त्याला गणती नाही. पावसाळ्याच्या सुमाराला एकदा तो दाट झालेला आवाज मला ऐकू आला. मी कढई उतरवली आणि मुरमुरे बघून मला रडू आलं. ज्या आवाजासाठी मी तिचा इतका राग केला तो विचारला असता तर तिने मला पहिल्याच दिवशी सांगितला असता.

मग एकेक करून मी तिचं सगळं उचललं. दोनदा चाळायला लागले. लेकराच्या हातात मूठ द्यायला लागले. सगळ्यात जड गेलं ते माल खराब असताना तसं सांगणं. एका ओल्या दिवशी मुरमुरे नरम पडले होते. समोर बाई उभी, आणि "आज नका घेऊ" हे तीन शब्द माझ्या तोंडातून निघेनात. शेवटी निघाले. ती बाई माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "बरं झालं सांगतलं." पुढच्या आठवड्यात ती शेजारणीला घेऊन आली.

धंदा कसा वाढवावा हे मला कोणी विचारलं तर मी हेच सांगते: माल लोकांच्या डोळ्यांसमोर ठेवा, खोट असेल तर आपणच आधी सांगा, आणि समोरच्याचं ऐका. आणखी एक आहे, ते मी सहसा सांगत नाही. शेजारी बसलेलीचं चांगलं चाललं असेल तर तिच्याकडे बघावं जरूर, पण तिचं टोपलं बघू नये, हात बघावेत. मी वर्षभर टोपलं बघत बसले आणि ते वर्ष माझं वाया गेलं.

ती स्टेशनावर अरुंद रुळांच्या छोट्या गाडीच्या वेळेला बसायची. गोंदियाकडून येणारे, चांद्याला म्हणजे चंद्रपूरला जाणारे लोक खिडकीतून हात काढत. मुरमुऱ्यांबरोबर तिने फुटाणे ठेवले, मग चिवडा, मग शेंगदाणे. मी बाजारात माझ्या हाताखाली गावातल्या दोन विधवा बाया घेतल्या, तिने चार घेतल्या. मी पत्र्याचं छप्पर टाकलं त्या वर्षी तिने बाजाररस्त्याला पक्कं दुकान घेतलं. माझं कधी वाईट चाललं नाही. तलाव आटला तरी घरात चूल पेटायची, लेकरं शाळेत गेली, नवऱ्याला मजुरीला जावं लागलं नाही. पण मी जिथे पोचायची तिथे ती आधीच जाऊन आलेली असायची.

बोलणं पुन्हा सुरू झालं ते ते वर्ष सरल्यावर, सासूच्या आजारपणात. सासूला उचलून बसवायला दोघींचे हात लागायचे. एक दिवस ती म्हणाली, "बाई, तिकडून धरा." त्यानंतर आम्ही बोलू लागलो, आजपर्यंत बोलतो. रेतीचा विषय दोघींनी काढला नाही.

मी मराठी चौथी शिकलेली आहे म्हणून एवढं लिहिता येतं. तिला सही येते. बायांच्या बचत गटाने मागे तिला भाषणाला बोलावलं होतं, धंद्यात यश कसं मिळवलं ते पोरींना सांगा म्हणून. तिने निरोप पाठवला, माझ्या मोठ्या जावेला बोलवा, धंदा आमच्या घरात त्यांनी सुरू केला. मी गेले, बोलले, पोरींनी टाळ्या वाजवल्या. मी तिचा उल्लेख केला नाही. करायचं ठरवून गेले होते.

मागच्या महिन्यात ती तापाने पडली आणि चार दिवस मी तिच्या दुकानात बसले. येणारा प्रत्येक माणूस आधी आत डोकावून बघायचा आणि विचारायचा, "बाई कुठी आहेत जी?" कोणी तिच्यासाठी काढा आणला, कोणी देवळातला अंगारा. या वयात, पांढऱ्या केसांनी, तिच्याच गल्ल्यावर बसून, मला ते जुनं कडू पाणी पुन्हा तोंडाशी आलेलं कळलं. मी ते गिळलं. एका तरुण पोराने विचारलं, "तुमी कोण?"

"तिची मोठी जाऊ," मी म्हटलं आणि त्याचे मुरमुरे बांधून दिले.